राणीच्या आंघोळीचा पडदा

आधी हातातला चहा संपवा बघू. मधेच हसू फुटलं तर तो नाकातून येतो. हा किस्सा सांगताना आमच्या कारखान्यात दोघांचं तसं झालंय, आणि त्यातल्या एकाचा शर्ट नवा होता. संपला? मग ऐका. माणसानं गाढवपणा जरूर करावा, पण आपल्या घरात करावा, गल्लीत करावा, फार तर पाहुण्यारावळ्यांत करावा. मी केला तो थेट सिनेमाच्या पडद्यावर! आणि तोही कुठं? एका राणीच्या न्हाणीत!

तर मी अंबादास. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात डिझाईन मास्तर आहे. चादरीवर मोर कुठं नाचणार, फूल कुठं उमलणार, काठाची वेल कुठून वळणार, हे ठरवणारा माणूस. बत्तीस वर्षं झाली. थंडीत तुम्ही जी सोलापुरी चादर डोक्यावरून ओढून घेता ना, तिच्यावरचा मोर माझा असू शकतो. मान जरा जाड असेल तर माझाच.

आणि माझा भाचा नरेश. थोरल्या बहिणीचा मुलगा. तो सिनेमात महाल, देवळं, बाजार उभे करतो. त्याला कला-दिग्दर्शक म्हणतात. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली खिळे ठोकल्यावर त्याला पहिल्यांदा स्वतःच्या नावावर सिनेमा मिळाला होता. ‘कस्तुरीकुंड’. हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, राज्य काल्पनिक, राणी काल्पनिक, आणि तिचं एका पाथरवटावर प्रेम.

“मामा, शृंगारिक हाय जरा,” नरेश म्हणाला होता.

मला वाटलं, शृंगारिक म्हणजे दागिने वगैरे असतील. होते ना दागिने. पुष्कळ ठिकाणी दागिनेच होते!

आता असा सिनेमा सेन्सॉरपुढं गेला की काय होणार? जे व्हायचं तेच झालं. एक दिवस भर दुपारी, मी मागांच्या मधोमध उभा असताना, नरेशचा फोन आला. तुम्ही कधी चाळीस माग एकदम चालू असताना फोनवर बोललाय? बोलणं नसतंच ते, केकाटणं असतं. स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून माणूस आणखी मोठ्यानं ओरडतो.

“मामा, सिनेमा अडकला!”

“कुटं अडकला?”

“सेन्सॉरला! राणी आंघोळ करती त्या सीनवर!”

“काय दिसतंय?”

“पाठ!”

“किती?”

“लई!”

“कुटपर्यंत?” मी जीव खाऊन ओरडलो.

“कंबरेपर्यंत!”

मी पुढचं ओरडायला लागलो आणि लाईट गेली! चाळीसच्या चाळीस माग एका दमात गप्प. त्या शांततेत, सगळ्या कारखान्यानं, माझा भरदार आवाज ऐकला: “कंबरेपर्यंतच उघडी हाय न्हवं? मग बाईला म्हणावं घाबरू नको, खालचं मी बगतो!”

सगळे माझ्याकडे बघत होते. आमचे मौलाभाई, माग दुरुस्त करणारे, पान्हा हातात तसाच धरून उभे. एरवी ते लाईट गेली की आधी लाईटवाल्यांचा उद्धार करतात. त्या दिवशी म्हणाले, “मास्तर, घर में सब खैरियत ना?”

मी फोन घेऊन बाहेर लिंबाच्या झाडाखाली पळालो. तिथं नरेशनं सगळं सांगितलं. पोराचा आवाज रडवेला झाला होता. समितीनं सांगितलं होतं, आंघोळीचा प्रसंग झाका नाही तर काढा. काढला तर गोष्टच बसते, कारण पाथरवट राणीला पहिल्यांदा तिथंच बघतो. तो प्रसंग नसेल तर पुढचा दीड तास तो कुणाच्या विरहात छिन्नी मारतोय, हे कळतच नाही! म्हणून त्यांनी पुन्हा शूटिंग केलं. चार दासी पडदा धरतात आणि पडद्याआड राणी आंघोळ करते. पडदा कशाचा? तर रेशमाचा. आणि मागून आलं ऊन.

“मामा, आधी निसती पाठ दिसत होती. पडदा लावल्यावर सगळी राणी दिसाय लागली!”

समितीतले लोक म्हणाले म्हणे, ह्यापेक्षा पहिलं बरं होतं.

“आता दिग्दर्शक माझ्यावर खवळलाय,” नरेश म्हणाला. “एकदाच परत घ्यायचा हाय सीन. ह्या टायमालाबी पडदा फसला तर सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवरनं माझं नाव काढणार, दुसऱ्याचं टाकणार. मामा, ज्याच्यातनं सूर्यबी आरपार जाणार न्हाय असं कापड पायजे. कुटं मिळंल?”

सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न विचारतात होय? माझी छाती अशी फुगली! अरे, आमची चादर चार पावसाळे भिंतीला टांगून ठेवली तरी पलीकडं काय आहे ते दिसत नाही. मी म्हटलं, “नऱ्या, पडदा मी विणतो. सूर्य काय, सूर्याचा बाप आला तरी राणी दिसणार न्हाय.”

“पण मामा, एक लक्षात ठेवा. वीस फूट लांब, पन्हा साठ इंच. रंग मातकट. काठाला एक बारीक वेल चालंल. मोर नको, नाव नको, गाव नको, फोन नंबर तर अजिबात नको. हजार वर्षांपूर्वीचा काळ हाय.”

“मला कळत न्हाय व्हय?” मी म्हणालो.

नाही कळलं. पण ते पुढं येईल.

घरी गेलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. एमआयडीसीतून सायकलीवर निघालेली बातमी आमच्या पेठेत कशी काय आधी पोचते, ह्याचा एकदा शोध घेतला पाहिजे. बायको, शकुंतला, दारातच उभी.

“कोण बाई हाय?”

“कुटली बाई?”

“कंबरेपर्यंतची!”

“अगं, ती राणी हाय.”

“अय्यय्यो! नावबी सांगतंय तोंड वर करून!”

“तसं न्हाय गं. खरीखुरी राणी. हजार वर्षांपूर्वीची.”

“मग म्हातारीला कशाला झाकताय?”

शेवटी मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, थोडं धुऊन-पुसून सांगितलं. म्हटलं, इतिहासाचा सिनेमा आहे, राणी फार देवभोळी आहे, पूजेच्या आधी कुंडात स्नान करते, आणि आपल्या नरेशचं नाव त्या एका पडद्यावर अडकलंय. पाथरवटाचा मी उल्लेखच केला नाही. कशाला उगाच गोष्ट लांबवायची?

शकुंतलेचा चेहरा एकदम बदलला. “मग झाकाच. जाड विणा चांगलं. बाईमाणसाच्या अब्रूचा प्रश्न हाय.” दुसऱ्या दिवशी गल्लीत सगळीकडे झालं होतं, की एका राणीची अब्रू वाचवायला सरकारनं आमच्या ह्यांना कापड विणायला सांगितलंय. सरकारनं! मीही ते दुरुस्त केलं नाही. बरं वाटत होतं हो ऐकायला.

मालकांना विचारलं. आमचे मालक मोजकं बोलतात. ते म्हणाले, “विणा. पण मिलचं नाव टाका.”

“नाव टाकायचं न्हाय मालक, जुना काळ हाय.”

“मग सिनेमात आपली चादर हाय हे कळणार कसं?”

“कळणारच न्हाय.”

“मग विणायची कशाला?” असं म्हणून त्यांनी हिशेबाची वही पुढं ओढली. मग म्हणाले, “बरं, भाचा हाय तुमचा. विणा.”

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आमच्याकडे कापडावर नाव नाही असं होतच नाही. चादरीवर मिलचं नाव. टॉवेलवर लग्नाच्या नवरा-नवरीचं नाव. कुणी निवृत्त झाला, त्याचं नाव. कुणी निवडून आला, त्याचं नाव. पडला तरी एक लॉट आधीच विणून झालेला असतो. बिननावाची चादर मागावर चढली की बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी खोट आहे.

मौलाभाईंनी माझं डिझाईन बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “मास्तर, नाम किधर है?”

“नाव न्हाय ह्याला.”

“नाम नहीं? बिगर नाम का माल तो सेकंड में, खोट के माल में जाता.”

“सिनेमाचं हाय मौलाभाई. राणीचं हाय.”

“हौ, लेकिन राणी हुई तो क्या हुआ? किसने बनाया, मालूम नक्को पडना?”

बस! तिथं माझा पाय घसरला. किसने बनाया! बत्तीस वर्षांत मी अख्ख्या जिल्ह्याची नावं विणली. आमदारांची विणली, त्यांच्या विरोधकांची विणली, ज्यांची लग्नं पुढं मोडली त्यांचीसुद्धा जोडीनं विणली. माझं नाव? एकदाही नाही. एका चादरीच्या एका कोपऱ्यातसुद्धा नाही. खरं सांगतो, त्या दिवशी संगणकापुढं बसून वेल काढताना हेच डोक्यात घोळत होतं. हा पडदा सगळा महाराष्ट्र बघणार, आणि कुणाला कळणार नाही की तो आमच्या अंबादासनं केला. नरेशचं नाव तरी पाटीवर येणार होतं. माझं?

मग मी मनाशी वाद घातला. म्हटलं, हजार वर्षांपूर्वीचे कारागीर काय नावं कोरत नव्हते? देवळांच्या दगडांवर असतात की! आणि आपण काय मोठं टाकतोय? वेलीतच, दोन पानांच्या मधे, अक्षरं जरा वळणाची, जुनाट. एकदाच. खालच्या काठाला, कोपऱ्यात. बघणारा राणीकडं बघेल की काठाकडं? कुणाला दिसणार नाही. पण मला माहीत असेल. शकुंतलेला दाखवता येईल.

आणि मी टाकलं: ‘अंबादास मास्तर, सोलापूर’.

आता इथं माझी अक्कल बघा. पूर्वी आमच्याकडे डिझाईनची पुठ्ठ्याची पंच केलेली कार्डं असायची. नाव एकदा विणलं की मी स्वतः ती कार्डं काढून घ्यायचो. आता सगळं संगणकावर. त्याला जे दिलं तेच तो परत, परत, परत विणत राहतो, थांब म्हणेपर्यंत. हे मला माहीत नव्हतं का? मीच चार पोरांना शिकवलं होतं! पण त्या दिवशी मला माझं नाव विणलं जाताना बघायची इतकी लाज वाटली, की बटण दाबलं आणि मी चहाला निघून गेलो. चहाबरोबर भजी खाल्ली. मग भज्यांवर परत चहा घेतला.

परत आलो तर वीस फूट कापड उतरलेलं, आणि मौलाभाई हात जोडून हसतायत. “मास्तर, अब कोई नहीं बोलेगा नाम नहीं करके!”

काठाला दर पंधरा इंचांवर मी. पान, अंबादास मास्तर, पान, अंबादास मास्तर. मोजलं, सोळा वेळा! राणीला सोळा शृंगार आणि पडद्याला सोळा अंबादास!

तासाभरात पार्सल न्यायला गाडी येणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शूटिंग. परत विणायला वेळ नाही, सांगायला तोंड नाही. मग मी काय केलं? काठ चार इंच आतल्या बाजूला दुमडला आणि सुई-दोरा घेऊन स्वतः टाके घालत बसलो. मी! ज्याला शर्टाचं बटण लावता येत नाही तो! वीस फूट! टाका एक इथं, पुढचा वीतभर लांब. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवतोय आणि मी दातांनी दोरा तोडतोय. मौलाभाई म्हणाले, “मास्तर, पानी में जाने वाला है ना? टिकेगा?” मी म्हटलं, “राणी पाण्यात जाणार हाय. पडदा बाहेरच राहणार हाय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नरेशचा फोन. आनंदानं बोंबलत होता. “मामा! एका झटक्यात सीन झाला! काय पडदा हाय! मागनं ऊन, दिवे, सगळं मारून बगितलं, राणीची सावलीसुदीक दिसंना! दिग्दर्शकानं मला मिठी मारली!”

“काठ... काठ नीट हाय न्हवं?”

“काठाकडं कोण बगतंय मामा! दासी पार पायरीवरनं पाण्यात उतरल्या, पडदा भिजला, काय सुंदर दिसला म्हणून सांगू!”

भिजला. म्हणजे माझे टाके भिजले. पण पुढं आठ-दहा दिवस काहीच झालं नाही, तेव्हा मला वाटलं, आपली शिलाई टिकली. माझ्या हातात गुण असणार, असाही एक विचार येऊन गेला.

मग सिनेमा परत सेन्सॉरपुढं गेला, आणि परत फोन आला. ह्या वेळी नरेश ओरडत नव्हता. फार हळू बोलत होता. ते जास्त वाईट असतं.

“मामा, राणी पास झाली.”

“वा!”

“पाथरवट पास झाला. महालातली रात्र पास झाली. नौकेतलं सगळं पास झालं. एकाच गोष्टीला हरकत हाय.”

“कशाला रे?”

“तुमाला.”

झालं असं होतं, की माझे टाके पाण्यात गेल्या गेल्या सुटले आणि काठ उलगडून सोळाच्या सोळा अंबादास कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. शूटिंगला शंभर माणसं होती, ती राणीकडं बघत होती. नंतर एडिटिंगची जोडाजोडी करणारे राणीकडं बघत होते. समितीतले पुरुषही राणीकडंच बघत होते, कामच होतं त्यांचं ते. पण समितीत एक बाई होत्या. आणि बाई म्हटलं की ती कापडाचा काठ बघणारच! त्या म्हणाल्या, थांबवा जरा, हे काय लिहिलंय? हजार वर्षांपूर्वी हे मास्तर कोण? ही जाहिरात आहे, मजकूर झाका, मगच सर्टिफिकेट.

“नरेश, चुकलो रे,” मी म्हणालो. खरंच डोळ्यात पाणी आलं. “परत सीन घ्या. मी परत विणतो. कोरं विणतो.”

“सेट मोडला मामा. कुंडबी बुजवलं. राणी दुसऱ्या सिनेमात गेली, आता तितं केस कापलेत तिचे.”

“तुझं नाव पाटीवर ऱ्हाईल न्हवं?”

तो म्हणाला, “ऱ्हाईल. बगतो काय करता येतंय ते. पण मामा, असं का केलं?”

मी सांगितलं. बत्तीस वर्षांचं सांगितलं. फोन ठेवताना तो म्हणाला, “मामा, मला सांगायचं की आधी. पाटीवर आभारात टाकलं असतं.” हे ऐकून मी किती वेळ स्वतःच्याच कपाळावर हात मारत होतो, ते मौलाभाईंना विचारा.

सिनेमा लागला. सोलापुरात पहिल्याच दुपारच्या खेळाला शकुंतलेनं एक अख्खी रांग भरवली. गल्लीतल्या सात बायका, हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या नटून. बाहेर पोस्टरवर ‘फक्त प्रौढांसाठी’ लिहिलेलं बघून एकीनं विचारलं, तर शकुंतला म्हणाली, “प्रौढ म्हंजे आपणच की! पोरासोरांला इतिहास कळत न्हाय.” माझ्या उजव्या हाताला ती, डाव्या हाताला आमचे मालक. मालकांना मीच बोलावलं होतं. का बोलावलं? कारण एक चोरटी आशा होती. वाटत होतं, पोरगं मामाचं मन राखेल, सोळातला एखादा अंबादास कोपऱ्यात कुठंतरी ठेवेल.

सुरुवातीला पाटी आली. ‘कला-दिग्दर्शन’च्या खाली नरेशचं नाव. शकुंतलेनं अशा टाळ्या वाजवल्या की पुढचे लोक वळून बघायला लागले. माझा जीव भांड्यात पडला. पोरगं वाचलं होतं.

मग पाथरवट आला. मग त्याचा सदरा गेला. बायकांच्या रांगेत पदर तोंडाला गेले, पण एकही उठली नाही. शकुंतला माझ्याकडे न बघता म्हणाली, “देवभोळी हाय म्हणं.”

आणि मध्यंतराच्या अगदी आधी कुंड आलं. राणी पायऱ्या उतरली. चार दासींनी पडदा धरला. माझा पडदा! मातकट, भक्कम, सुरकुती नाही! मागून ऊन, पण राणीचा फक्त चेहरा आणि खांदे वर. मालक पुटपुटले, “कापड चांगलं दिसतंय मास्तर.” दासी पाण्यात उतरल्या, काठ सुटला, आणि...

माझ्या पडद्याचा खालचा अर्धा भाग एकदम धुरकट झाला! म्हणजे ते चेहरा वगैरे लपवायला पुसट करतात ना, ते ब्लर. सोळा ठिकाणी कोण वेगवेगळं झाकत बसणार? त्यांनी ह्या दासीपासून त्या दासीपर्यंत एकच लांबलचक ठिगळ मारलं होतं. कापड हललं की ते ठिगळ थरथरायचं.

तुम्हीच सांगा, बघणाऱ्याला काय वाटेल? इतका वेळ एवढं सगळं उघड दाखवलं, राजाबरोबरचं महालातलं दाखवलं, नौकेतलं दाखवलं, काही झाकलं नाही. आणि राणीला चांगला जाड पडदा असताना, पडद्याच्या खाली सरकारनं वेगळं झाकलंय! म्हणजे तिथं काय असेल!

थिएटरमध्ये शिट्ट्यांचा पाऊस. “काय हाय बे तितं?” “लई डेंजर असणार!” “बिनब्लरचं मोबाईलवर येतंय म्हणं!” मागचा एक जण खुर्चीवर उभा राहून खालून काही दिसतंय का बघत होता. जसं काय वाकलं की ठिगळाखालचं दिसतं!

शकुंतला माझ्या कानाशी आली. “अवो, राणी तर झाकलेली हाय. मग त्या कापडावर काय चाललंय?”

“काय न्हाय.”

“काय न्हाय कसं? सरकार उगाच झाकतंय व्हय? काय घाण विणलाय तुमी त्याच्यावर?”

तिकडून मालक पहिल्यांदाच पूर्ण माझ्याकडे वळले. “मास्तर, आपल्या मागावर काय काढलं तुम्ही?”

आता बघा माझी पंचाईत. खरं बोललो तर मालकांना कळणार, की मिलचं नाव नको म्हणणाऱ्यानं त्याच मागावर स्वतःचं नाव सोळा वेळा विणलं. गप्प बसलो तर बायको, सात शेजारणी आणि मालक, सगळ्यांच्या मनात मी बत्तीस वर्षं मोर काढता काढता भलतंच काहीतरी काढायला लागलो! एक शेजारीण तर आपली नवी चादर घरी जाऊन नीट तपासायला हवी म्हणत होती. शिट्ट्या वाढत होत्या. ठिगळ थरथरत होतं. माझं डोकं फिरलं आणि मी उभा राहून सगळ्या आवाजाच्या वर, चाळीस मागांच्या सवयीनं, बोंबललो:

“अरे, काय न्हाय तितं! माझं नाव हाय ते! माझं नाव हाय!”

आणि नेमकं मध्यंतर झालं. दिवे लागले. मी उभा, दोन्ही हात वर. अख्खं थिएटर माझ्याकडे बघतंय.

मागचा खुर्चीवरचा म्हणाला, “काका, नाव झाकत्यात व्हय कोणी? असं काय नाव हाय तुमचं?”

“अंबादास!”

मग जी शिट्टी वाजली! “अंबादास! अंबादास!” म्हणून सगळे नाचायला लागले. लोक पॉपकॉर्न आणायला जाताना माझ्याशी हात मिळवून जात होते. मी मालकांपुढं हात जोडले, सगळं कबूल केलं. ते बराच वेळ धुरकट ठिगळाचाच विचार करत असावेत. मग म्हणाले, “बरं झालं मिलचं नाव टाकलं न्हाय तुमी.” एवढंच. उद्यापासून येऊ नका असं म्हणाले नाहीत, म्हणून मी अजून कामावर आहे.

सिनेमा सुटल्यावर रिक्षात शकुंतला चौकापर्यंत एक शब्द बोलली नाही. म्हटलं, आता पाथरवटाचं काढणार, देवभोळीचं काढणार. शेवटी मीच म्हणालो, “बोल की काहीतरी. चुकलं माझं.”

ती बाहेर बघत होती. पदर तोंडावर. मला वाटलं रडतेय. बघतो तर अंग हलतंय, हसू दाबून दाबून डोळे लाल झालेले.

“लग्नाला तीस वर्सं झाली,” ती म्हणाली. “मी तुमचं नाव कधी ओठावर आणलं न्हाय. शेजारणी हसायच्या मला, ह्या जमान्यात नवऱ्याचं नाव घ्यायला कसली लाज म्हणून.” मग तिनं डोळे पुसले. “आता जाऊन सांगते सगळ्यांना. एवढी नागडी राणी दाखवणाऱ्यांनीसुदीक ते नाव झाकलंच की!”